सगळ्यांचा मोबाईल नंबर एकच कसा?

मागच्या अंकात २१४७४८३६४७ या संख्येबद्दल मी एक छोटी चौकट लिहिली होती: ही मूळ संख्या आहे, ती मूळ असल्याचं ऑयलर या गणितीने १७७२ साली दाखवलं, आणि त्यासाठी त्याला फार थोडे भागाकार पुरेसे होते, कारण ६२ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्यांनीच भागून पाहावं लागतं. जागा उरली म्हणून टाकलेली चौकट. तिच्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यात माझी एक चूकही एका वाचकाने पकडली आहे, तिची कबुली पुढे देतेच. आधी सगळ्यात मजेशीर पत्र.

प्रश्न : आमच्या सोसायटीने सभासदांची यादी नव्याने संगणकावर भरून घेतली. छापून आली तेव्हा प्रत्येकाच्या नावापुढे एकच मोबाईल नंबर – २१४७४८३६४७. चेअरमनपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचा! यादी करणारा म्हणतो, मी बरोबर भरले होते. तुमची चौकट वाचली आणि उडालोच. हा काय प्रकार?
(एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज)

यादी करणारा खोटं बोलत नाहीये, त्याला रागावू नका. त्याने नंबर बरोबरच भरले असणार. चुकला तो रकाना ठरवणारा.

संगणकात संख्या ठेवायला ठरावीक घरं असतात. साध्या पूर्णांकाला ३२ घरं. त्यातलं एक अधिक-उणे या चिन्हासाठी जातं, उरली ३१. प्रत्येक घरात ० किंवा १. एकतिसाच्या एकतीस घरांत १ भरला की झाली सर्वात मोठी संख्या, आणि तीच ही २१४७४८३६४७. आपले मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे दहा अंकी, म्हणजे सगळेच्या सगळे हिच्याहून मोठे. काही प्रणाली अशा वेळी ‘मावत नाही’ असं सांगायचं सोडून, मावेल ती सर्वात मोठी संख्या लिहून मोकळ्या होतात. पायलीच्या मापात खंडीभर धान्य ओता, मापात पायलीच राहणार, बाकीचं सांडलं. तुमचे नंबर असे सांडले. ते त्या रकान्यातून परत मिळणार नाहीत, पुन्हा गोळा करा आणि या वेळी रकाना ‘अक्षरांचा’ करायला सांगा. फोन नंबराची कोणी बेरीज करत नाही, मग तो संख्या म्हणून ठेवायचाच कशाला?

जाता जाता गंमत. तुमच्याकडचा लँडलाइन नंबर कोडसकट भरला असता (०२३३ मधलं सुरुवातीचं शून्य गळून २३३...), तर तोही सांडला असता. मुंबईचा २२... सुद्धा. पुण्याचा २०... मात्र मापात बसतो. पुणेकरांनी यावर फुशारकी मारू नये, हा फक्त एस.टी.डी. कोडचा योगायोग आहे.

आता ही संख्या डोळ्यांसमोर आणायची माझी शाळेतली पद्धत सांगते. जानेवारीच्या एक तारखेला डब्यात एक रुपया टाका, दोन तारखेला दोन, तीनला चार, असं रोज दामदुप्पट. ३१ तारखेच्या रात्री डबा मोजला तर बरोबर २,१४,७४,८३,६४७ रुपये निघतात. दोनशे चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. २ चा ३१ वा घात, त्यातून १ वजा.

आणि मूळ संख्या म्हणजे काय, तर हे दोनशे चौदा कोटी रुपये एक रुपयाही न उरता सारखे वाटून देता येतील अशी माणसांची संख्याच नाही. एकट्याला सगळे द्या, नाहीतर प्रत्येकाला एकेक रुपया द्या. मधला मार्ग बंद. तीस दिवसांच्या महिन्यात तसं नाही. तो डबा तिघांत वाटला जातो. अठ्ठावीस दिवसांचाही जातो. एकोणतीस दिवसांचा फेब्रुवारी जरा फसवा: डब्यात ५३,६८,७०,९११ रुपये, आणि तिघांत, पाचांत, सातांत काही केल्या वाटले जात नाहीत. पण २३३ जणांत वाटले जातात. महिन्याच्या चारही लांबींत ३१ चाच डबा असा हट्टी निघतो.

प्रश्न : बाई, ऑयलरच्या काळात कॅल्क्युलेटर नव्हता. मग एवढ्या मोठ्या संख्येला कशानेच भाग जात नाही हे त्याने कसं ठरवलं? तुम्ही ‘६२ च्या पटीत १ मिळवून’ असं लिहिलंत, पण का ते नाही लिहिलंत. आमच्या सरांना विचारलं, ते म्हणाले, अभ्यासक्रमात नाही.
(अकरावीतली एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

तुझ्या पत्राला सगळ्यात जास्त जागा देते.

आधी सरळ रस्ता बघ. एखादी संख्या मूळ आहे का ते बघायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं, हे तुला माहीत आहे. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे. तिथपर्यंत ४,७९२ मूळ संख्या आहेत. रोज दहा भागाकार बिनचूक केलेस तरी सव्वा वर्षाच्या वर जाईल, आणि मध्ये एक हातचा चुकला तर सगळं पाण्यात. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता, वय पासष्ट, आणि दोन्ही डोळ्यांनी जवळपास काही दिसत नव्हतं. तो असले चार हजार भागाकार करत बसणार नव्हता. त्याने उलटा विचार केला. या संख्येला भाग घालवणारी कोणी मूळ संख्या असलीच, तर ती कशी दिसेल? तिचा चेहरा आधी ठरवू, मग तेवढ्याच चेहऱ्याच्या संख्यांना दारात बोलावू.

समज, अशी एक मूळ संख्या आहे. तिला आपण ‘भ’ म्हणू, भाजकातला भ. १ पासून सुरुवात कर, दरवेळी दुप्पट कर आणि भ ने भागून फक्त बाकी ठेव. १, २, ४, ८... पुढे कधीतरी आकडा भ च्या वर जाईल, मग बाकी घ्यायची. भ ने २ चा ३१ वा घात वजा १ ला पूर्ण भाग जातो असं आपण धरलंय. म्हणजे ३१ वेळा दुप्पट केल्यावर बाकी पुन्हा १ येते. जिथून निघालो तिथेच परत.

आता देवळाची प्रदक्षिणा डोळ्यांसमोर आण. गाभाऱ्याभोवती ३१ फरशा आहेत, एका पावलाला एक फरशी. ३१ पावलांत प्रदक्षिणा पूर्ण. फेरी याहून छोटी असू शकेल का? असली तर तिच्या पावलांनी ३१ ला पूर्ण भाग गेला पाहिजे, आणि ३१ स्वतः मूळ आहे, त्यामुळे छोटी फेरी एकाच पावलाची उरते. ती तर नाहीच, कारण पहिल्या पावलाला बाकी २ येते. म्हणजे फेरी नेमकी ३१ पावलांची.

इथे फर्मा हा फ्रेंच गणिती मदतीला येतो. त्याचा छोटा सिद्धांत सांगतो की भ मूळ (आणि विषम) असेल तर ‘भ वजा १’ पावलांनीसुद्धा आपण देवासमोर, म्हणजे १ वर, असतो. आता तूच सांग. ३१ फरशांच्या प्रदक्षिणेत ‘भ वजा १’ पावलं चालून मी नेमकी देवासमोर उभी आहे, याचा अर्थ काय? पूर्ण फेऱ्या झाल्या आहेत. म्हणून ‘भ वजा १’ ला ३१ ने भाग जातो. भ विषम आहे, म्हणजे ‘भ वजा १’ सम, तेव्हा ६२ नेही भाग जातो. ६२ ची पट अधिक १ म्हणतात ती ही. ही झाली पहिली चाळणी.

खरं वाटत नसेल तर छोट्या संख्येवर बघ. २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७. हिचे अवयव २३ आणि ८९. तेवीसातून एक गेला, बावीस. एकोणनव्वदातून एक गेला, अठ्ठ्याऐंशी. दोन्हींना ११ ने भाग जातो. आमच्या वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरचीही मान वर करायची.

दुसरी चाळणी ऑयलरच्या आवडीची. २ च्या ३१ व्या घाताची बाकी १, म्हणून ३२ व्या घाताची बाकी २. पण ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे भ च्या दुनियेत २ ही कोणाच्या तरी वर्गाची बाकी आहे. ज्या विषम मूळ संख्यांच्या बाबतीत असं घडतं, त्यांना ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ च राहते. याची सिद्धता इथे घालत नाही, दोन पानं जातील, बी.एस्सी.ला गेलीस की भेटेल. पडताळा मात्र घे: २३ ला आठाने भागून ७ उरतात, ८९ ला भागून १.

दोन्ही चाळण्या एकावर एक ठेवल्या की भ चं रूप ठरतं: २४८ च्या पटीत १ मिळवून, किंवा २४८ च्या पटीत ६३ मिळवून. ४६,३४० पर्यंत अशा संख्या उरतात ३७२ (६३ ही स्वतः सातच्या पाढ्यातली म्हणून सोडली). त्यातल्याही ३, ५, ७ वगैरेंनी भाग जाणाऱ्या गाळल्या की खऱ्या मूळ संख्या शंभराच्या आत येतात. चार हजार सातशे ब्याण्णववरून शंभराच्या आत! मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. ऑयलरने भागाकार फार चपळाईने केले म्हणून नाही, तर बहुतेक भागाकार करायची गरजच नाही हे आधी ओळखलं म्हणून काम झालं.

पहिला उमेदवार करून दाखवते, वही घे. २४८ + १ = २४९, हिला तीनाने भाग जातो, गेली. २४८ + ६३ = ३११, ही मूळ. आता दोन अब्जाच्या संख्येला हात न लावता बघायचं:

२ चा ८ वा घात २५६.
त्याचा वर्ग ६५,५३६. त्यातून ३११ × २१० = ६५,३१० गेले, बाकी २२६. हा झाला १६ वा घात.
२२६ चा वर्ग ५१,०७६. त्यातून ३११ × १६४ = ५१,००४ गेले, बाकी ७२. हा ३२ वा घात.
३१ वा घात त्याच्या निम्मा, ३६. वजा १, उरले ३५.

३५ उरले, म्हणजे ३११ ने भाग जात नाही. संपलं. दोन वर्ग, दोन वजाबाक्या. विश्वास नसेल तर लांबलचक भागाकार करून बघ, भागाकार ६९,०५,०९२ आणि बाकी ३५ च येईल. पुढचे उमेदवार १३०३ आणि १४८९. मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत जेवणाच्या टेबलावर बसून हे सगळे उमेदवार संपवले. दुपारचे तीन-चार होत होते, महिनाभरात संपले. यजमान म्हणाले, उत्तर तर अडीचशे वर्षांपूर्वीच आलंय. मी म्हटलं, ते शब्दकोडी सोडवतात त्याचंही उत्तर पुढच्या अंकात येणारच असतं.

प्रश्न : मागच्या चौकटीत आपण उमेदवारांमधली सर्वात मोठी मूळ संख्या ४६१२९ अशी दिली आहे. १६३ × २८३ करून पाहावे.
(एक वाचक, पैठण)

करून पाहिलं. ४६,१२९. कान पकडते.

झालं असं की २४८ × १८६ + १ एवढं गणित करून मी थांबले, आणि हातात आलेली संख्या मूळ आहे का हे तेरा, सतरा, एकोणीस करत शंभरच्या आसपास नेऊन सोडून दिलं. वर्गमूळ २१४ आहे, तिथपर्यंत जायला हवं होतं. नेमकी १६३ वर ती फुटते. मूळ संख्यांवर लिहिताना मूळ संख्या तपासायचा आळस! तिच्यानंतरची, ४६,१९१, अंकांची बेरीज २१, म्हणजे तीनाने जाते. मागे आलं की ४५,९४३. ही मात्र मूळ आहे, या वेळी २११ पर्यंत सगळ्यांनी भागून पाहिलं आणि मगच लिहिते आहे. दुरुस्ती करून घ्यावी. निष्कर्षाला धक्का लागत नाही, उगीच एक भागाकार जास्त झाला एवढंच.

पत्रात नाव नाही, नुसतं एक वाक्य आणि एक गुणाकार. असे वाचक असले की लिहिणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि बरंही वाटतं.

प्रश्न : उपयोग काय?
(पोस्टकार्ड, सही अवाचनीय)

हा प्रश्न पीटर बार्लो या इंग्रज गणितीलाही पडला होता. १८११ साली त्याने लिहून ठेवलं की या संख्येपासून तयार होणारी परिपूर्ण संख्या हीच बहुधा कायमची सर्वात मोठी राहील, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा पुढे शोधायच्या फंदात कोण पडणार?

परिपूर्ण संख्या म्हणजे जिचे स्वतःला सोडून सगळे भाजक मिळवले की तीच येते. ६ चे भाजक १, २, ३, बेरीज ६. पुढची २८. युक्लिडने दाखवलं होतं की दामदुप्पटीच्या डब्यातली बेरीज मूळ निघाली, की तिला शेवटच्या दिवशी टाकलेल्या रकमेने गुणायचं, परिपूर्ण संख्या तयार. आपल्या डब्यातून जी तयार होते ती एकोणीस अंकी: २३०५८४३००८१३९९५२१२८.

बार्लोचा अंदाज दोन्हीकडून चुकला. माणसं पुढे शोधत राहिली. १८७६ मध्ये ल्यूका या फ्रेंच गणितीने २ चा १२७ वा घात वजा १ मूळ असल्याचं दाखवलं. ती ३९ अंकी आहे, आणि तिथे तर चाळण्या लावूनही भागाकार जन्मात संपले नसते. त्याने भागाकारच न करता मूळपणा ठरवायची रीत काढली. ती रीत सुधारून आजही वापरतात.

आणि उपयोगाचं म्हणाल तर एक सांगते, कारण त्यात या संख्येचं मूळ असणंच कामाला येतं. संगणकाला ‘कुठलाही एक आकडा काढ’ म्हटलं की त्याला चिठ्ठ्या टाकता येत नाहीत, हिशोबच करावा लागतो. एक जुना, गाजलेला हिशोब असा: हातातल्या संख्येला १६,८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी ठेवा. पुन्हा तेच. १ पासून निघालात तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३... पुढचा आकडा कुठे पडेल हे नजरेला कळत नाही. १६,८०७ म्हणजे सातचा पाचवा घात, आणि तो मुद्दाम निवडलाय. या गुणाकाराने १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा आणि एकदाच येते, मग फेरी पुन्हा सुरू. मघाची प्रदक्षिणाच, फक्त या वेळी फरशा दोन अब्जांवर आणि एकही फरशी पायाखालून सुटत नाही. भाजकाच्या जागी संयुक्त संख्या ठेवली तर सगळ्या फरशांवर पाय पडणं शक्यच नसतं. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर या दोघांनी, निदान एवढं तरी हवं, म्हणून हाच हिशोब सुचवला होता. गुप्ततेच्या कामाला तो चालत नाही, पुढचा आकडा ओळखता येतो. पण खेळात पत्ते पिसायला वर्षानुवर्षं पुरला.

बँकेच्या व्यवहारांत मूळ संख्या वापरतात त्या वेगळ्या, सुमारे तीनशे अंकी, आणि त्या कोणालाच माहीत नसणं हेच त्यांचं मोल. आपली ही जगाला पाठ. कुलूप करायला निरुपयोगी.

सही वाचता आली नाही, पण पोस्टकार्डावर अजून कोणी लिहितं याचा आनंद झाला.

प्रश्न : ३ वरून ७, ७ वरून १२७, १२७ वरून तुमची ती ३९ अंकी संख्या. मूळ संख्या घातांकात ठेवली की पुढची मूळ संख्या तयार, असा नियम दिसतो. मग ५ वरून ३१, ३१ वरून २१४७४८३६४७, आणि तिच्यावरून पुढे?
(एक अभियंता, नाशिक)

नियम दिसतो खरा, पण नाहीये. वर आलेलं २०४७ आठवा: ११ मूळ, पण २ चा ११ वा घात वजा १ फुटतो. घातांक मूळ असणं आवश्यक आहे, पुरेसं नाही.

या घोळात भलेभले अडकले. फ्रेंच धर्मगुरू मर्सेन याने १६४४ मध्ये कोणते घातांक मूळ संख्या देतात याची २५७ पर्यंतची यादी दिली. त्यात ६७ आणि २५७ चुकीचे घुसले, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले. तरी या जातीच्या संख्यांना नाव त्याचंच लागलं, मर्सेन मूळ संख्या. ६७ व्या घाताच्या संख्येचे अवयव न्यूयॉर्कला १९०३ मध्ये कोल या प्राध्यापकाने दाखवले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. अमेरिकन गणित सभेत तो फळ्यापाशी गेला, एक शब्द न बोलता आधी घात काढला, मग हा गुणाकार केला, दोन्ही उत्तरं जुळली आणि जागेवर जाऊन बसला, अशी गोष्ट सांगतात. शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले म्हणे. गोष्ट थोडी रंगवलेली असेल. गुणाकार मात्र बरोबर आहे.

तुमच्या साखळीचं उत्तर: ती पुढच्याच पायरीला तुटते. २ चा २१४७४८३६४७ वा घात वजा १ ही संख्या नुसती लिहायलाच चौसष्ट कोटींहून जास्त अंक लागतील, पण तिचा एक भाजक माहीत आहे: २९५२५७५२६६२६०३१. इथेही ऑयलरची चाळणी बसते का ते बघा. या भाजकातून १ वजा करून २१४७४८३६४७ ने भागलंत तर १,३७,४९० हे पूर्ण उत्तर येतं. आठाने भागून बाकी ७. दोन्ही खुणा जुळल्या.

प्रश्न : सध्याची सर्वात मोठी मूळ संख्या तुमच्या सदरात छापाल का?
(एक आजोबा, डोंबिवली)

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली ती २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १. अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरंट याने शोधली, तीही मर्सेनच्याच जातीची. अंक ४,१०,२४,३२०. आपल्या अंकाच्या एका पानावर दाटीवाटीने अडीच हजार आकडे बसतात असं धरलं तर १६,४१० पानं लागतील. चौसष्ट पानांचा अंक, जाहिराती आणि राशिभविष्य काढून टाकून, सलग एकवीस वर्षं आणि वर चार-पाच महिने. संपादकांना विचारलं. ते राशिभविष्य काढायला तयार नाहीत.

पुढच्या अंकासाठी

या वेळी वाचकांना एक प्रश्न माझ्याकडून. २ चा ३७ वा घात वजा १, म्हणजे १,३७,४३,८९,५३,४७१. मूळ नाही. हिचा सर्वात लहान भाजक फर्माने १६४० मध्ये काढला होता. मघाच्या दोन्ही चाळण्या वापरा: ३१ च्या जागी ३७, ६२ च्या जागी ७४, आणि आठाने भागून बाकी १ किंवा ७. पहिल्या दोन संख्या चाळणीत गळतील. तिसरी उरेल. तिच्याने भाग घालून पाहा आणि कळवा. पैठणच्या वाचकांनी बाकीच्यांना आठ दिवसांची सवलत द्यावी.